समुद्र स्वस्त, किनारा महाग

घाटकोपरच्या गाळ्यातून निघालेली वह्यांची खोकी केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतात, तेव्हा समुद्रावर त्यांचा सुमारे २,४०० सागरी मैलांचा प्रवास झालेला असतो आणि इकडच्या रस्त्यावर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. खर्च, वेळ आणि मनस्ताप यांचा हिशेब मांडला, तर पारडे बरोबर उलटे झुकते. कागद, वह्या, पेने, फायली, खुर्च्या, कपाटे, प्रिंटर असे ऑफिसचे सामान बोटीने परदेशी पाठवण्याच्या धंद्यात चर्चा होते ती बोटीच्या भाड्याची. पैसा जिरतो तो मात्र दोन्ही किनाऱ्यांवर. म्हणून या धंद्याचा आढावा घेताना समुद्रावर थोडा आणि जमिनीवर जास्त वेळ घालवावा लागतो.

आयातीकडून निर्यातीकडे

इंग्रजी अमदानीत मुंबईच्या कचेऱ्यांतली चांगली शाई, टाक, जाड पुठ्ठ्याची खातेवही, टाइपरायटर हे सारे बोटीने यायचे. त्या आयातीला इथल्या माणसांनी एकेक करून उत्तर दिले. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाई काढली. पुढे ‘कॅमल’ आणि ‘कॅमलिन’ ही नावे घरोघरच्या दप्तरात आणि कंपासपेटीत गेली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅमलिनमध्ये बहुमताचा हिस्सा घेतला. आज कोकुयो कॅमलिनचा कारभार अंधेरी पूर्वेहून चालतो.

घाटकोपरच्या शेजारी, विक्रोळीला, गोदरेजने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. हे उत्पादन पुढे सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला गेले आणि २००९ मध्ये थांबले. २०११ मध्ये ‘शेवटचे टाइपरायटर’ म्हणून जगभर बातम्या झाल्या, तेव्हा शिल्लक यंत्रांत अरबी लिपीची बरीच होती. इथल्या यंत्राचे गिऱ्हाईक किती दूरवर होते, ते त्यावरून कळते. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात टाइपरायटरला ८४६९ हा स्वतंत्र क्रमांक होता. व्यापारच उरला नाही म्हणून २०१७ च्या आवृत्तीत तो रद्द झाला आणि टाइपरायटर ८४७२ या ‘इतर कार्यालयीन यंत्रां’त जाऊन बसला.

आजचे नकाशावरचे ठिपके असे: दादरची नवनीत (१९५९) वह्या अमेरिकेच्या मोठ्या दुकानसाखळ्यांना पाठवते. कांदिवलीच्या फ्लेअरची (१९७६) पेने अनेक देशांत जातात. पेन्सिलवाली हिंदुस्थान पेन्सिल्स (१९५८) मुंबईचीच. या मोठ्यांच्या सावलीत लहानांची रांग आहे. एलबीएस मार्गापासून असल्फा-साकीनाक्यापर्यंत छपाई, बाइंडिंग, पत्राकाम, प्लास्टिक मोल्डिंगचे गाळे आहेत. जागेचे भाव चढले तसे कारखाने भिवंडी, वसई, दमण, वापीकडे सरकले. घाटकोपरात राहिले ते ऑफिस, नमुन्यांचे कपाट आणि फोनवरची ओळख. माल वसईत बनतो, ऑर्डर घाटकोपरला येते, आणि घेणारा दार-ए-सलामला किंवा दुबईत असतो. असा दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणारा म्हणजे मर्चंट एक्स्पोर्टर. त्याला ऑक्टोबर २०१७ पासून केवळ ०.१ टक्का जीएसटी भरून माल उचलता येतो. अट एवढीच, की ९० दिवसांत तो देशाबाहेर गेला पाहिजे. ही मुदतही बोट ठरवत नाही. ती खातो बोटीच्या अलीकडचा पसारा.

वजनाचा माल आणि जागेचा माल

ऑफिसचे सामान हा एक माल नव्हेच. बोटीच्या दृष्टीने त्याच्या दोन टोकाच्या जाती आहेत.

एका टोकाला कागद. ८० जीएसएमच्या ए-फोर रीमचे वजन अडीच किलो. पाच रीमचा बॉक्स साडेबारा किलोचा. वीस फुटी कंटेनरात असे १,६०० बॉक्स लावले की वीस टन झाले, आणि डबाही बहुतेक भरला. चाळीस फुटीत जागा दुप्पट, पण वजन नेण्याची मुभा दुप्पट नाही, म्हणून कागदवाला वीस फुटीच मागतो. वह्या, रजिस्टर, फायली त्याच वाटेने जातात.

दुसऱ्या टोकाला खुर्ची. जोडलेली फिरती खुर्ची ६५ बाय ६५ बाय ११५ सेंटिमीटर जागा धरते, म्हणजे जवळपास अर्धा घनमीटर. चाळीस फुटी उंच कंटेनरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा ६५ घनमीटर धरली, तर खुर्च्या मावतात सव्वाशे-दीडशेच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून अधिक जागा हवेची. तीच खुर्ची सुटी करून ७५ बाय ६२ बाय ३० च्या खोक्यात घातली, तर ०.१४ घनमीटर होते आणि साडेचारशेच्या वर खुर्च्या जातात. त्या खोक्यात एक पाना, सहा-आठ बोल्ट आणि चित्रांचा एक कागद टाकावा लागतो. भाड्यावर घासाघीस करून जे वाचते त्याच्या कितीतरी पट या खोक्याने वाचते. कपाट, टेबल, पार्टिशन यांचेही तसेच. जो कारखाना डिझाइन करतानाच माल सुटा होईल हे पाहतो, तो निर्यातीत टिकतो.

दोन टोकांच्या मध्ये पेने, पंच, स्टेपलर, कॅल्क्युलेटर. लहान, दाट, किमती. यांचा पूर्ण कंटेनर क्वचितच होतो. ते ‘कन्सोल’मध्ये, म्हणजे चार जणांच्या मालाबरोबर एका डब्यात जातात. तिथे एक घनमीटर किंवा एक टन, यांत जे जास्त भरेल त्यावर भाडे. विमानात एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात. वर सांगितलेले खुर्चीचे खोके प्रत्यक्षात पंधरा किलोचे असले, तरी सहार विमानतळाहून उडताना साडेतेवीस किलोचे भाडे भरते. त्यामुळे घाटकोपरला विमानतळ हाकेवर असूनही खुर्ची समुद्रानेच जाते. पेनांचे नमुने आणि शाळा सुरू होण्याच्या तोंडावर अडलेली ऑर्डर तेवढी विमानाने.

काही वस्तू वरून निरुपद्रवी दिसतात आणि बंदरावर अडतात. व्हाइटनर आणि सॉल्व्हंटचे मार्कर ज्वालाग्राही द्रवांत मोडतात. यूपीएस आणि लॅपटॉपमधल्या बॅटऱ्यांना घातक मालाचे नियम लागतात. हे जाहीर न करता वह्यांच्या मागे सरकवून देण्याचा मोह पडतो. डब्याला आग लागली तर त्याची झळ बोटीवरच्या हजारोंच्या मालाला बसते, म्हणून बोटकंपन्या अशा लपवाछपवीला जबर दंड करतात.

गाळा ते गेट

ट्रेलर गाळ्यासमोर लावायला जागा असेल तर ‘फॅक्टरी स्टफिंग’, म्हणजे डबा दारातच भरायचा. असल्फ्याच्या गल्लीत चाळीस फुटी ट्रेलर वळतच नाही. मग माल छोट्या हत्तीत किंवा टेम्पोत भरायचा, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने वाशी खाडीपूल ओलांडायचा, उरण फाट्याने न्हावा-शेव्याच्या परिसरातल्या सीएफएसला, म्हणजे कंटेनर भरण्याच्या आवारात, उतरवायचा आणि तिथे डब्यात भरायचा. म्हणजे एकाच खोक्याला तीन-चार वेळा हात लागतो, आणि प्रत्येक हाताची हमाली. गाडी रिकामी करण्याची ‘वाराई’ कोणी द्यायची, यावर वाहतूकदार आणि व्यापारी यांचे वाद जुने आहेत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने खांद्यावर ओझे वाहणाऱ्याला मजुरीची आणि मंडळाची हमी दिली. आज तक्रार होते ती कायद्याच्या नावाखाली कोणीतरी भलत्यानेच पावती फाडण्याची.

डबा ताब्यात घेताना जुने जाणते लोक एक गोष्ट चुकवत नाहीत. रिकाम्या डब्यात एकाने उभे राहायचे, बाहेरून दार लावून घ्यायचे आणि आत कुठे उजेडाची तिरीप दिसते का ते पाहायचे. दिसली तर डबा परत. जिथून उजेड येतो तिथून पाणी येते. मग तळफळीवर वर आलेले खिळे, तेलाचे डाग, आधीच्या मालाचा वास. मिरची नेलेल्या डब्यात कोरा कागद कोणी भरत नाही. पावसाळ्यात भरलेला डबा दमट हवा बरोबर घेऊन निघतो. समुद्रावर रात्री पत्रा थंड झाला की आतल्या आत घाम धरतो आणि छतावरून थेंब गळतात. वरच्या थरातली खोकी मऊ पडून बसतात, वह्यांचे पुठ्ठे वाकतात. उपाय साधे आहेत: पत्र्याला आतून क्राफ्ट कागद, टांगलेल्या ओलावाशोषक पिशव्या, कोरडी पॅलेट. पॅलेट लाकडी असेल तर ती गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेली आणि तसा शिक्का मारलेली लागते. शिक्का नसेल तर कित्येक देशांत पूर्ण डबा अडतो.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांतला कंटेनरचा धंदा हळूहळू खाडीपलीकडे गेला. देशाच्या प्रमुख बंदरांतल्या कंटेनर वाहतुकीपैकी जवळपास निम्मी आज इथून होते. २०२४-२५ मध्ये इथे वीस फुटी हिशेबाने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले गेले. एवढ्या मोठ्या यंत्रणेत घाटकोपरचा एक डबा म्हणजे किस झाड की पत्ती. कटऑफच्या आत ‘फॉर्म १३’ घेऊन गेटमधून गेला नाही, तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही. पुढच्या बोटीपर्यंत यार्डाचे भाडे, ट्रेलरचे थांबल्याचे पैसे, आणि घेणाऱ्याची शिवी. गर्दीच्या वेळात शहरातल्या रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असते. त्यामुळे दुपारी भरलेली गाडी बऱ्याचदा रात्रीच निघते, आणि गेटबाहेरच्या रांगेत तिची सकाळ होते.

कागद पाठवायला लागणारे कागद

आयईसी क्रमांक, बँकेचा एडी कोड, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, मूळ देशाचा दाखला, बिल ऑफ लेडिंग. २०१६ च्या १ जुलैपासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजनही, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात. हे सारे आता बहुतांशी ऑनलाइन झाले आणि कस्टम हाऊसच्या खेपा घटल्या. तरी सीएचएवाचून, म्हणजे कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटावाचून, लहान निर्यातदाराचे पान हलत नाही. शिपिंग बिल आणि जीएसटी विवरणपत्र यांतला एखादा आकडा जुळला नाही, तरी परतावा महिनोन्‌महिने लटकतो. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या रोडटेप योजनेत निर्यात मालात मुरलेले काही कर परत मिळतात. पण त्यासाठीही वस्तूचा क्रमांक अचूक हवा. वही ४८२० मध्ये, बॉलपेन ९६०८ मध्ये, पेन्सिल ९६०९ मध्ये, लोखंडी कपाट ९४०३ मध्ये, खुर्ची ९४०१ मध्ये आणि स्टेपलरच्या पिना ८३०५ मध्ये. एका ‘स्टेशनरी सेट’च्या खोक्यात चार प्रकरणे एकत्र आली की सीएचए डोके धरून बसतो.

सौद्याच्या शर्तींतही किनाराच महाग पडतो. आपल्याकडे सर्रास ‘एफओबी न्हावा-शेवा’ लिहितात. त्या शर्तीत माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. कंटेनरचा माल मात्र निर्यातदाराच्या हातून सुटतो यार्डात, बोट लागण्याच्या काही दिवस आधी. मधल्या दिवसांत माल त्याच्या ताब्यात नाही, पण जबाबदारी त्याची. कंटेनरसाठी ‘एफसीए’ ही शर्त सुचवली जाते ती याचसाठी. घाटकोपरच्या किती इन्व्हॉइसवर ती दिसते, हे ज्याचे त्याने पाहावे.

मधले पाणी

आता समुद्र. इथे लहान व्यापाऱ्याच्या हातात काहीच नसते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ ही बोट सुएझमध्ये आडवी झाली आणि सहा दिवस कालवा बंद पडला. त्याच वर्षी कोविडच्या गोंधळात रिकामे डबे मिळेनात आणि भाडी गगनाला भिडली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथींच्या हल्ल्यांमुळे बोटी तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवसांची भर पडली. पेनांच्या खोक्याला दोन आठवडे उशीर सोसतो. शाळा उघडल्यावर पोचलेल्या वह्या मात्र पुढच्या वर्षापर्यंत गोदामात पडून राहतात.

तरीही शांत काळात एका वहीच्या वाट्याला येणारे समुद्राचे भाडे किरकोळ असते. डबा भरलेला असेल तरच, हे मात्र खरे. अर्ध्या डब्यासाठी कन्सोल. या धंद्यात मुंबईचे नाव जगात मोठे आहे. १९९३ मध्ये इथे सुरू झालेल्या ऑलकार्गोने २००५-०६ मध्ये बेल्जियमची ईसीयू लाइन घेतली आणि सुट्या मालाची वाहतूक करणाऱ्या जगातल्या अग्रणी कंपन्यांत ती जाऊन बसली.

पलीकडचा किनारा

माल पोचला म्हणजे सुटला असे नाही. कन्सोलच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. इकडे भाडे पडेल भावात सांगायचे आणि तिकडे घेणाऱ्याकडून ‘डेस्टिनेशन चार्जेस’च्या नावाने वसूल करायचे. इथला निर्यातदार खूश, तिकडचा घेणारा हैराण, आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे. दोन्ही टोकांचे दर लेखी घेतल्याशिवाय कन्सोल बुक करू नये.

देशोदेशीच्या अटी वेगळ्या. केनियाला माल निघण्यापूर्वीच तपासणीचा दाखला लागतो. टांझानिया, नायजेरिया, सौदी अरेबिया यांच्याही अशाच व्यवस्था आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून व्यापार करार लागू आहेत. मूळ देशाचा दाखला नीट असेल तर तिथे शुल्काची सवलत मिळते. युरोपने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी नियम मंजूर केला, पण त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. कागद आणि लाकडी फर्निचर त्याच्या कक्षेत आहे. लगदा कुठल्या जंगलाचा, हे वहीवाल्याला सांगावे लागण्याचे दिवस दूर नाहीत.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे. भारत, चीन आणि इंडोनेशियातून येणाऱ्या रेघी कागदावर अमेरिकेने सप्टेंबर २००६ मध्ये डंपिंगविरोधी आदेश काढले. ठरावीक मुदतीने फेरविचार झाले, पण भारतावरचे आदेश टिकून राहिले. त्यातली व्याख्या इंच मोजून वाचावी अशी आहे: कागदाची लहान बाजू ६ ते १५ इंच आणि मोठी पावणेनऊ ते १५ इंच. ए-फोर वही त्यात बरोबर सापडते. ए-फाइव्ह वहीची लहान बाजू ५.८३ इंच, मोठी ८.२७ इंच, म्हणून ती त्या मापात बसत नाही. तोच कागद, तीच शाई, तोच कारखाना, पण अर्ध्या इंचाहून कमी फरकाने शुल्क बदलते. उलट बाजूने, चिनी लाकडी पेन्सिलींवर १९९४ पासून अमेरिकेचे डंपिंगविरोधी शुल्क आहे, ते भारतीय पेन्सिलीला लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे अमेरिकेचे वाढीव शुल्क पन्नास टक्क्यांवर गेले, तेव्हा वहीचा हिशेब बदलला. बोटीचे भाडे कितीही घटले असते, तरी ही खोट भरून निघणारी नव्हती.

येणारा माल

हाच रस्ता उलट्या दिशेनेही चालतो. प्रिंटर, स्कॅनर, लॅपटॉप बाहेरून येतात. त्यांना बीआयएस नोंदणी लागते. लॅपटॉपच्या आयातीवर ऑगस्ट २०२३ मध्ये निर्बंध जाहीर झाले आणि पुढे परवानगीची पद्धत आली. यातला नाजूक भाग म्हणजे जुनी कॉपीयंत्रे. परदेशात भाडेकरार संपला की ती मोठी मल्टिफंक्शन यंत्रे कंटेनर भरून इकडे येतात, दुरुस्त होतात, आणि कोर्टाबाहेरच्या, कॉलेजाजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानात उभी राहतात. स्वस्त झेरॉक्समागे हे यंत्र आहे, हे नाकारता येत नाही. पण दुरुस्तीजोगे यंत्र आणि निव्वळ भंगार यांच्यातली रेघ पुसट आहे. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम परवानगी आणि चार्टर्ड इंजिनियरचा दाखला मागतात. १ जानेवारी २०२५ पासून बासेल करारानुसार सर्व प्रकारच्या ई-कचऱ्याला घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. कागद अपुरे असले की यंत्रे बंदरातच अडकतात आणि डब्याचे थांबल्याचे भाडे पाहता पाहता मालाच्या किमतीला गाठते.

निष्कर्ष

पालघर जिल्ह्यात वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होऊ घातले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही. बंदर झाले तर मोठ्या बोटी येतील, समुद्राचे भाडे आणखी उतरेल. पण घाटकोपरच्या गाळेवाल्याचे दुखणे समुद्रात नाही. ते तीन-चारदा लागणाऱ्या हातात आहे, अर्ध्या भरलेल्या डब्यात आहे, एका आकड्याने लटकणाऱ्या परताव्यात आणि पलीकडच्या अटींच्या अज्ञानात आहे.

यावरचा उपाय बंदराएवढा मोठा नाही. घाटकोपर ते भांडुप पट्ट्यात, जिथे ट्रेलर सरळ लागेल अशी एक सामाईक भरणीची जागा हवी. पाच-सहा जणांचा त्याच देशाला जाणारा माल तिथे जमावा, खाली कागद आणि वर पेन-फायली अशी वजनाची आणि जागेची सांगड घालून पूर्ण डबा तिथेच भरावा, सील व्हावा, आणि तिथेच एक जाणता सीएचए बसावा. जमिनीचे भाव पाहता एकट्या व्यापाऱ्याला हे जमणार नाही. औद्योगिक वसाहतींच्या संस्था आणि व्यापारी मंडळे यांनी मिळून करण्याचे हे काम आहे. मोठ्या डब्यात कागद वजन भरतो आणि जागा सोडतो, खुर्ची जागा भरते आणि वजन सोडते. दोघे आज वेगवेगळ्या डब्यांतून, दोघेही तोट्यात, त्याच मोंबासाला जात आहेत. त्यांना एका डब्यात बसवण्यासाठी खोल समुद्र लागत नाही. लागते ती पाच व्यापाऱ्यांची एकमेकांना आपले गिऱ्हाईक कळू देण्याची तयारी, आणि या बाजारात सर्वांत महाग तीच आहे.